‘दिसलाच नाहीस रे!’ हे वाक्य ऐकायची वेळ येऊ नये म्हणून

दुचाकीला धडकलेला गाडीवाला खाली उतरतो आणि पहिलं वाक्य बोलतो, ‘अहो, तुम्ही दिसलाच नाहीत!’ ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. आता वाटत नाही. बहुतेक वेळा तो माणूस खरं बोलत असतो. त्याने मान वळवलेली असते, तुमच्या दिशेला नजरही टाकलेली असते, तरी त्याच्या मेंदूपर्यंत तुम्ही पोहोचलेले नसता.

१९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाचा अहवाल आला. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० दुचाकी अपघातांची त्यांनी जागेवर जाऊन तपासणी केली होती. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी जवळपास दोन तृतीयांश टकरींत त्या वाहनाने दुचाकीच्या हक्काच्या वाटेत शिरकाव केला होता, आणि मुख्य कारण दुचाकी लक्षात न येणं हेच होतं. धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराला साधारणपणे २ सेकंदांहूनही कमी वेळ मिळाला होता. तेवढ्या वेळात ब्रेक आणि हँडल यांच्या जोरावर फार काही करता येत नाही. जे करायचं ते त्याच्या आधी.

हा लेख त्या ‘आधी’बद्दल आहे. त्यात दिवे येतील, जॅकेट येईल, इंडिकेटर येईल. पण सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो: नुसतं दिसणं पुरत नाही. समोरच्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात. तिथे काहीतरी आहे, ती दुचाकी आहे, आणि ती आता अमुक वेगाने अमुक दिशेला जाणार आहे. मी स्वतः एकदा तिसऱ्या गोष्टीत फसलो. भरदुपारी, हेडलाइट चालू, अंगात पोपटी-पिवळं जॅकेट. मागच्या वळणावर दिलेला इंडिकेटर बंद करायचा राहिला होता. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या गाडीवाल्याला मी लख्ख दिसत होतो. त्याने इंडिकेटर बघितला, मी गल्लीत वळणार असं धरून चाललं आणि गाडी बाहेर काढली. माझा उजवा पाय दीड महिना प्लास्टरमध्ये होता. त्याच्यावर रागवायला मला जागाच नव्हती. त्याने माझं म्हणणं ऐकलं होतं, चुकीचं बोललो होतो मी.

डोळा कुठे फसतो

उपायांकडे वळण्याआधी हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्याच भागात आपली नजर खरोखर तीक्ष्ण असते, आजूबाजूचं सगळं धूसर. ५० मीटरवरची दुचाकी रुंदीने त्या अंगठ्याच्या साधारण निम्मी दिसते. चौकात थांबलेला चालक डावी-उजवीकडे झटकन बघतो, तेव्हा त्याची नजर सरळ रेषेत सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारते. उडी चालू असताना मेंदू चित्र घेतच नाही. दोन टप्प्यांच्या मधल्या पट्ट्यात दुचाकी आली तर ती राहून जाते. मोटार रुंद असल्यामुळे कुठल्या ना कुठल्या टप्प्यात सापडतेच.

दुसरी फसगत आडोशाची. गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना छताचे खांब असतात. त्यांच्या आड माणूस, सायकल, दुचाकी सहज लपते. वाईट भाग असा की दोन वाहनं एकाच बिंदूकडे, टक्कर होईल अशाच हिशोबाने येत असतील, तर एकाच्या नजरेतून दुसरं वाहन एकाच कोनावर स्थिर राहतं. म्हणजे जी दुचाकी खांबाआड गेली ती शेवटपर्यंत खांबाआडच राहू शकते.

तिसरी फसगत सरळ येण्याची. थेट आपल्याकडे येणारी वस्तू मागच्या देखाव्यावर डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त मोठी होत जाते. तेही समान गतीने नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची दुचाकी १०० मीटरवरून ५० मीटरवर यायला ३ सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात दिसायला दुप्पट होते. पुढची दुप्पट दीड सेकंदात, त्यापुढची पाऊण सेकंदात. सुरुवातीला ती लांब कुठेतरी ठिपक्यासारखी वाटते आणि मग एकदम अंगावर येते. शिवाय लहान वस्तू मोठ्या वस्तूपेक्षा उशिरा पोहोचेल असं मेंदू धरून चालतो, त्यामुळे तुम्ही दिसलात तरी तुमचा वेग कमी धरला जातो. ‘अजून वेळ आहे’ म्हणून गाडी पुढे येते ती यातून.

आणि अपेक्षा. चालक मोटारी आणि ट्रक शोधत असतो. जे शोधतोय ते सापडलं नाही की रस्ता रिकामा.

पहिली पायरी: स्वतःची गाडी लांबून बघा

काहीही विकत घेण्याआधी हे करा. मित्राला हेल्मेट-जॅकेटसकट तुमच्या गाडीवर बसवा, मोकळ्या जागेत गाडी उभी करा आणि ५० पावलं लांब जा. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, तिरकं उभं राहून बघा. मग मोटारीत चालकाच्या जागी बसून आरशातून बघा. हे एकदा दुपारी, एकदा संधिप्रकाशात आणि एकदा पूर्ण अंधारात करायचं. अर्धा तास जातो, पण कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळतं.

मी केलं तेव्हा दिसलं की मागच्या सीटवर बांधलेल्या पिशवीचा पट्टा टेललाइटवर लोंबत होता, आणि दिवसा उन्हात एका बाजूचा इंडिकेटर काचेवरच्या मातीमुळे जवळजवळ मेलेला होता. बाजूने बघितलं तर गाडी नुसता काळा आकार. चाकाजवळ, टाकीवर, कुठेच काही चमकत नव्हतं. अंधारात आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला मी नव्हतोच.

ज्या बाजूने तुम्ही स्वतःला सापडला नाहीत, ती बाजू आधी दुरुस्त करा.

दिवे

दिवसा हेडलाइट चालू ठेवा. आता बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन चालू होताच तो आपोआप लागतो. तुमची गाडी जुनी असेल तर सवय लावून घ्या. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे: दिवसा हेडलाइट लावणाऱ्या स्वारांमध्ये गंभीर अपघाताचा धोका २७ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच अभ्यासात चमकदार किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांमध्ये तो ३७ टक्क्यांनी, आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये २४ टक्क्यांनी कमी होता.

हेडलाइट लोअरवरच ठेवा. दिवसा अप्पर लावून फिरलं की जास्त दिसू असं काहींना वाटतं, पण डोळ्यावर प्रखर प्रकाश पडलेल्या माणसाला दिव्यामागचं काहीच कळत नाही, अंतर तर नाहीच. आणि झोताची उंची तपासा. डबलसीट बसवलं किंवा मागे सामान लादलं की मागचा भाग खाली दबतो आणि पुढचा झोत वर उचलला जातो. मग लोअरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागच्या शॉकअबचा ताण वाढवता येत असेल तर वाढवा, नाहीतर हेडलाइटचा स्क्रू फिरवून झोत खाली घ्या. हे काम भिंतीसमोर उभं राहून पाच मिनिटांत होतं: एकट्याने बसून झोताची वरची कड कुठे येते ती खडूने आखा, मग मागे माणूस बसवून फरक बघा.

जोडदिव्यांबद्दल माझं मत ठाम आहे. ते हवेत, पण प्रखरतेसाठी नाही, आकारासाठी. एकच दिवा म्हणजे अंधारातला एक ठिपका, तो किती लांब आहे ते कळत नाही. हेडलाइटच्या खाली, दोन बाजूंना एकमेकांपासून शक्य तितके लांब दोन छोटे दिवे लावले की त्रिकोण तयार होतो. त्रिकोण जवळ येताना फाकत जातो आणि त्यावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्रयोगातून हेच दाखवलं आहे: रात्री एकाच दिव्यापेक्षा तीन दिव्यांच्या मांडणीत दुचाकीचा वेग लोकांनी जास्त अचूक ओळखला. दिवे लावताना तोंड किंचित खाली ठेवा, आणि रंग, संख्या, उंची याबाबत तुमच्याकडचा नियम आधी बघून घ्या. लुकलुकणारे स्ट्रोब दिवे लावू नका. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहेत, आणि सतत चमकणाऱ्या दिव्याशेजारी तुमचा इंडिकेटर कुणालाच दिसत नाही.

मागची बाजू लोक विसरतात, कारण ती आपल्याला दिसत नाही. टेललाइटची काच दर काही दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकलाइट दोन ठिकाणांहून लागतो, हाताच्या लिव्हरने आणि पायाच्या पेडलने, आणि दोन्हीकडे वेगळे स्विच असतात. दोन्ही वेगवेगळे तपासा. एकट्याने तपासायचं असेल तर गाडीची पाठ भिंतीकडे करून लिव्हर दाबा, भिंतीवर लाल उजेड पडतो. पायाचा स्विच बहुतेक गाड्यांवर नटाने वर-खाली करता येतो. पेडलवर पाय नुसता टेकला, ब्रेक लागायच्या आत, तेव्हाच दिवा लागला पाहिजे. जुना फिलामेंटचा बल्ब पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद घेतो, एलईडी तत्काळ लागतो. ताशी ६० वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्यात ३ मीटरहून जास्त अंतर तोडते. हे ३ मीटर फुकट मिळत असतील तर घ्यावेत.

इंडिकेटर एलईडीचे केले तर फ्लॅशरही बदलावा लागतो. नाहीतर ते भराभर लुकलुकतात. मिनिटाला ६० ते १२० वेळा लागणं हा सर्वसाधारण मानक आहे, त्यापेक्षा वेगाने लागला तर बघणाऱ्याला तो बिघाड वाटतो. आणि जुन्या बल्बच्या गाडीत इंडिकेटर अचानक भरभर लागू लागला, तर पुढचा किंवा मागचा एक बल्ब उडालाय असं समजा.

कपडे: दिवसाचा रंग वेगळा, रात्रीचा वेगळा

इथे मोठा गैरसमज आहे. तो पोपटी-पिवळा किंवा नारिंगी चमकदार रंग, ज्याला फ्लोरोसंट म्हणतात, तो उन्हातल्या अतिनील किरणांना दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो. म्हणून तो स्वतःच पेटल्यासारखा भासतो. दिवसा आणि विशेषतः ढगाळ हवेत, संधिप्रकाशात तो उत्तम. रात्री अतिनील किरण नाहीत, त्यामुळे तो साधा फिकट कपडा होऊन बसतो.

रात्रीचं काम ‘रेडियम’च्या पट्ट्यांचं. (त्यात रेडियम हे मूलद्रव्य नसतं, पण नाव रुळलंय.) या पट्ट्यांत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात, ते प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. मागून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये पट्टी पेटते, पण आडव्या रस्त्याच्या तोंडाशी उभ्या गाडीचे झोत तुमच्यावर पडत नसतील तर ती त्या चालकासाठी काळीच राहते. म्हणून पट्टी दिव्याची जागा घेऊ शकत नाही.

पट्ट्या कुठे लावायच्या? बहुतेक जण पाठीवर एक मोठा पट्टा लावतात आणि थांबतात. माझा आग्रह घोट्यांवर, गुडघ्यांवर, मनगटांवर आणि कोपरांवर आहे. १९७३ साली स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी दाखवलं की अंधारात फक्त सांध्यांवर ठिपके असले तरी हलणारा माणूस बघणारा क्षणात ओळखतो. पादचारी आणि सायकलस्वारांवर पुढे झालेल्या प्रयोगांतही हलणाऱ्या अवयवांवरच्या पट्ट्या छातीवरच्या पट्ट्यापेक्षा सरस ठरल्या. दुचाकीवर पाय सायकलइतके हलत नाहीत हे खरं, पण पाय टेकताना, गिअर टाकताना, हाताने खूण करताना हलतात, आणि ‘हा माणूस आहे’ हे कळणं महत्त्वाचं. हेल्मेटच्या मागे आणि दोन्ही बाजूंना छोटे तुकडे चिकटवा. हेल्मेट उंचावर असतं, मधल्या गाडीच्या टपावरूनही दिसतं. चाकाच्या रिमवर पट्टी लावली तर बाजूने बघणाऱ्याला फिरणारं चाक दिसतं, त्यासारखी दुचाकीची ओळख दुसरी नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रंग नेहमी कामाला येतोच असं नाही. महत्त्व असतं ते मागच्या देखाव्याशी असलेल्या फरकाला. पिवळ्याधमक शेतापुढे पिवळं जॅकेट विरून जातं आणि उजळ आकाशापुढे गडद आकृती उठून दिसते. रस्ता जसा बदलतो तसा देखावा बदलतो, म्हणून एकाच रंगावर विसंबू नका: जॅकेट एका रंगाचं असेल तर हेल्मेट दुसऱ्या उजळ रंगाचं घ्या. पाठीवर सॅक असेल तर जॅकेटची पाठ झाकली जाते, तेव्हा सॅकवर चमकदार कव्हर चढवा. डबलसीट बसलेल्याचीच पाठ मागच्याला दिसते, तुमची नाही. चांगलं जॅकेट मागच्याला द्या. आणि फ्लोरोसंट रंग उन्हाने उडतो, पट्ट्या धुऊन धुऊन मरतात. रात्री हातातला टॉर्च डोळ्याजवळ धरून पट्टीवर मारा. राखाडीच दिसली तर ती संपली.

जागा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त कामाची

दिवा बिघडतो, रंग उडतो. रस्त्यावर कुठे चालवायचं हे मात्र कायम तुमच्या हातात असतं, आणि माझ्या मते दिसण्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आपल्या लेनचे मनात तीन उभे पट्टे पाडा. डावा, मधला, उजवा. कोणताच कायमचा नाही. मी स्वतःला दर काही सेकंदांनी विचारतो, ‘आत्ता मला कोण बघायला हवं आहे, आणि त्याच्या-माझ्या मध्ये काय आहे?’ बाजूच्या गल्लीतून कुणी निघण्याची शक्यता असेल तर गल्लीपासून दूरच्या पट्ट्यात जा. तिथून तुम्ही गल्लीत आधी दिसता आणि कुणी पुढे आलंच तर थोडी जागाही उरते. पुढे मोठी गाडी असेल तर तिच्या मागे ठीक मध्यावर राहू नका. तिथून तुम्ही तिच्या बाहेरच्या आरशांतून गायब असता आणि समोरून येणाऱ्यालाही ती तुम्हाला झाकते. एका बाजूच्या पट्ट्यात सरका आणि अंतर वाढवा. कोरड्यात २ सेकंदांचं अंतर, ओल्यात त्याच्या दुप्पट: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला सुरुवात करायची.

ट्रक आणि बसच्या बाबतीत नियम साधा आहे. आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही. नाकासमोरची थोडी जागा, पाठीमागची बरीचशी, आणि क्लीनर साइडचा लांबलचक पट्टा, इथे तो आंधळा असतो. या जागांमधून जावं लागलं तर न रेंगाळता पार व्हा. ओव्हरटेक करायचा नसेल तर स्पष्ट मागे राहा. बाजूला लटकून चालणं सर्वांत वाईट, आणि ट्रक वळणार असेल तर त्याच्या आतल्या बाजूला शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात.

आता सरळ येण्याच्या फसगतीचा उपाय. समोर चौकात एखादी गाडी थांबलेली दिसली आणि तिने आपल्याला टिपलंय की नाही याची शंका आली, तर लांबूनच, वेग थोडा कमी करून, लेनच्या आत एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात हळुवार सरका. मागच्या स्थिर देखाव्यावर तुम्ही आडवे हलता आणि हललेली वस्तू डोळा पकडतो. खांबाआड असाल तर त्यातूनही बाहेर येता. हे सावकाश, एकाच सलग हालचालीत करायचं. झिगझॅग नाही, ओल्या रस्त्यावर नाही, आणि दुसऱ्या लेनमध्ये जायचं तर मुळीच नाही, नाहीतर तो समजेल की तुम्ही वळताय.

इंडिकेटर म्हणजे दिलेला शब्द

इंडिकेटर देण्याचा क्रम असा ठेवा: आरसा, खांद्यावरून मागे नजर, इंडिकेटर, थोडा काळ जाऊ देणं, पुन्हा नजर, मग हालचाल. बरेच जण इंडिकेटर आणि हालचाल एकत्रच करतात. मग त्या दिव्याने काय सांगितलं? जे डोळ्यांना दिसतच होतं तेच. निदान ३ सेकंद आधी द्या. ताशी ६० वेगाला ३ सेकंद म्हणजे ५० मीटर, मागच्याला बघून, समजून, वेग कमी करायला तेवढं लागतंच.

फार आधी देणंही चुकीचं. वळायच्या गल्लीआधी दुसरी एखादी गल्ली असेल तर तिच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत थांबा, ती ओलांडताना द्या. नाहीतर पहिल्या गल्लीतला माणूस माझ्या बाबतीत झालं तसा बाहेर येईल.

आणि बंद करा. बहुतेक दुचाक्यांचा इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. त्या अपघातानंतर मी एक सवय लावली: वळण संपून गाडी सरळ झाली की अंगठ्याने बटण दाबायचंच, दिवा चालू असो वा नसो. आता ते विचार न करता होतं. ऐकू येणारा छोटा बझर बसवून घेतला तरी चालेल, पण वाहतुकीच्या गोंगाटात आणि हेल्मेटच्या आत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

चारही इंडिकेटर एकदम लावून चालवणं, पावसात किंवा चौक सरळ ओलांडताना, हे कृपा करून सोडून द्या. एका बाजूने बघणाऱ्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि तो समजतो तुम्ही त्याच्याकडे वळताय. शिवाय खरंच वळायचं झालं तर सांगायला साधनच उरत नाही. ते दिवे उभ्या, बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत.

वेग कमी होतोय हे मागच्याला कुठून कळणार?

दुचाकी ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्यापैकी मंदावते, गिअर खाली टाकला की आणखी. या दोन्हींत ब्रेकलाइट लागत नाही. मागच्याला तुमचा टेललाइट आहे तसाच दिसतो आणि अंतर भराभर कमी होतं. म्हणून इंजिनच्या जोरावर वेग कमी करतानाही लिव्हरला हलकासा स्पर्श करा, ब्रेक न लागता दिवा लागेल इतकाच. खरंच थांबायचं असेल तर आधी दोन-तीनदा दिवा लुकलुकवा, मग दाबा. लुकलुकणारा लाल दिवा स्थिर लाल दिव्यापेक्षा लवकर टिपला जातो.

सिग्नलला थांबल्यावरही काम संपलेलं नसतं. रांगेत शेवटचे तुम्हीच असाल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, पुढच्या गाडीपासून बाजूने निसटता येईल इतकं अंतर, हँडल किंचित मोकळ्या जागेकडे आणि डोळे आरशात. मागून कुणी येताना दिसलं की ब्रेकलाइट लुकलुकवत राहा. तो मंदावला, मागे थांबला, त्याच्या मागे दुसराही आला, मग न्यूट्रल करा.

हात, हॉर्न, डिपर

हाताच्या खुणा देशोदेशी वेगळ्या आहेत, तुमच्याकडची नियमपुस्तिका एकदा वाचाच. मला सांगायचंय ते वेगळं. दुचाकीवर ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. उजवा हात उचलून खूण करायची तर त्या वेळी तुमच्याकडे पुढचा ब्रेक नसतो. म्हणून उजव्या हाताची खूण वेग आधी कमी करून, सरळ रस्त्यावर, लवकर द्यायची आणि वळायच्या आत हात परत हँडलवर आणायचा. इंडिकेटर चालू असला तरी भर उन्हात, दिवा फिका पडतो तेव्हा, हात ही मोठी मदत आहे. लांब केलेला हात म्हणजे माणसाचा आकार, तो डोळ्यांना लगेच कळतो. दुसरी उपयोगी खूण म्हणजे मंदावताना हात खाली धरून तळवा वर-खाली करणं.

हॉर्न आधी वाजवायचा असतो, रागाने नंतर नाही. अंतर असतानाच एक छोटा ठोका. काचा बंद, आत गाणी चालू असलेल्या मोटारीत तो पोहोचेलच असं नाही, म्हणून हॉर्नवर अंगठा आणि ब्रेकवर बोटं, दोन्ही एकदम. सायलेन्सर काढून मोठा आवाज केला की लोक सावध होतात, हा समज सोडा. तो आवाज मागे फेकला जातो, धोका बहुतेक वेळा पुढून येतो.

डिपर मारण्याचा अर्थ कुठे ‘मी येतोय, थांब’ असा असतो, कुठे ‘जा, तुला वाट देतो’ असा. एकाच चौकातले दोघे दोन अर्थ लावू शकतात. म्हणून चौकात समोरच्या गाडीला डिपर मारणं मी बंद केलंय. ओव्हरटेक करण्याआधी पुढच्याला आरशातून कळावं म्हणून एकदा डिपर देतो, तेवढाच.

चौक ओलांडताना, प्रत्यक्षात

समजा, समोरून एक मोटार आली आहे आणि तुमच्या वाटेवरून आडवी वळायला थांबली आहे. हर्ट यांच्या अहवालातल्या टकरींचा हा नेहमीचा प्रसंग.

लांबूनच ॲक्सिलरेटर सोडा आणि बोटं ब्रेकवर न्या, लिव्हरला स्पर्श करून मागच्याला सांगा. तुमच्या आणि त्या मोटारीच्या मध्ये कोणी असेल तर त्याच्या आडोशातून बाहेर या. लेनमध्ये एकदा हळू सरका. मग तिच्या चालकाच्या डोळ्यांकडे नाही, पुढच्या चाकाकडे बघा. नजरानजर झाली म्हणजे त्याने बघितलंच असं नाही, तो तुमच्या आरपार मागच्या बसकडे बघत असू शकतो. चाक मात्र लपवाछपवी करत नाही, गाडी हलायच्या पहिल्या क्षणी ते फिरताना दिसतं. चाक फिरलं की ब्रेक आणि हॉर्न. नाही फिरलं तर चौक पार होईपर्यंत बोटं तिथेच.

आणि एखाद्या मोटारीच्या सोबतीने, तिच्या बाजूला राहून चौक ओलांडता येत असेल तर मी तसंच करतो. मोटार सगळ्यांना दिसते. मात्र तिच्या आड लपून नाही, चौकात वाट बघणाऱ्यालाही आपण दिसू अशा बेताने.

ऊन, पाऊस, अंधार

सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असताना आपल्या सावलीकडे बघा. सावली तुमच्यापुढे लांब पडली असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात सूर्य आहे. तुम्हाला रस्ता सुंदर, लख्ख दिसतो आणि त्याला तुम्ही अजिबात दिसत नाही. त्या वेळी हेडलाइटचाही उपयोग नाही. वेग कमी करणं आणि तो वळणारच असं धरून चालणं एवढंच हाती राहतं.

पावसात मोटारीच्या बाजूच्या काचा आणि आरसे थेंबांनी भरतात, त्यांना वायपर नसतो. म्हणजे मागून-बाजूने तुम्ही जवळजवळ अदृश्य. रेनकोट काळा घेऊ नका. बाजारात काळे, निळे रेनकोट ढिगाने का असतात मला कधी कळलं नाही, जेव्हा दिसण्याची सर्वांत जास्त गरज तेव्हाच आपण काळे होतो. रेनकोट जॅकेटवरच्या पट्ट्या झाकतो, म्हणून पट्ट्या रेनकोटवरच हव्यात.

रात्री गाडी रस्त्यात बंद पडली तर आधी ती डांबरावरून बाजूला ढकला, नंतर कारण शोधा. चारही इंडिकेटर चालू करा. टेललाइटच्या मागे वाकून उभे राहू नका, सगळेच करतात आणि गाडीचा एकमेव दिवा स्वतःच्या पायांनी झाकतात. जॅकेट अंगातून काढू नका. उभं राहायचं ते रस्त्यापासून शक्य तितकं दूर आणि गाडीच्या थोडं मागे, ज्या बाजूने वाहनं येत आहेत तिकडे, कारण कुणी गाडीला धडकलंच तर ती पुढे फेकली जाते. मग फोन काढा, आणि त्याचा टॉर्च घोट्यावरच्या पट्ट्यांवर नाही, येणाऱ्या रस्त्याकडे जमिनीवर धरून हलवत राहा.